नऊ मिनिटांचा विमा

ऐक, आधी नुसतं ऐक. मध्ये "मग पुढे काय झालं" असं विचारू नकोस, तेच सांगायला आलेय. आणि हसायचं असेल तर शेवटी हस. या प्रकरणात माझ्या अब्रूचा पार भुगा झालाय आणि मला तो नीट गोळा करून सांगायचाय.

तर बाबा निवृत्त होणार होते. तीस नोव्हेंबरला. ऑफिसचा आरोग्यविमाही त्याच दिवशी निवृत्त होणार होता. त्याआधी स्वतःचा घेतला तर ऑफिसच्या विम्याची जुनी वर्षं आजारांसाठी थांबायच्या मुदतीतून वजा होतात, एक दिवस जरी उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून. हे मला आमच्या एजंटने सांगितलं. त्याचं खरं नाव घरात कुणाला आठवत नाही. तो दर वाक्याला "चिंता नको" म्हणतो, म्हणून आई त्याला चिंतानको म्हणते. तोंडावर नाही म्हणत. एकदा म्हणाली होती, पण त्याला वाटलं ती त्याचंच वाक्य पुरं करतेय.

मी म्हटलं, "बाबा, एजंट-बिजंट कशाला? ऑनलाइन दहा मिनिटांचं काम आहे."

हे वाक्य लक्षात ठेव. घरातले अजून विसरलेले नाहीत.

आता तुला माहितेय, मी व्हिसाचे फॉर्म भरून देते. दिवसाला चाळीस. लोकांच्या सासरमाहेरच्या जन्मतारखा मला पाठ असतात. हा फॉर्म म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. त्यात सत्तावीस प्रश्न, हे आहे का, ते आहे का, कधी होतं का, होईलसं वाटतं का. खाली एक चौकोन, वरील सर्वांना "नाही". मी तिथूनच स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "आई, तुला काही त्रास?"

"मला कसला त्रास. तुम्ही दोघं सोडून."

केला क्लिक. नऊ मिनिटं. दुसऱ्या दिवशी पॉलिसीचा नंबरसुद्धा पडला, एक डिसेंबरपासून लागू. मी बाबांना फोनवर दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "कागद कुठेय?"

"ऑनलाइन आहे, बाबा."

"सही कुठे केली मी?"

"सही लागत नाही."

"बरं," असं म्हणून ते पुन्हा पेपरात शिरले. मला वाटलं पटलं. बाबांच्या "बरं"चा अर्थ "तू अजून लहान आहेस" असा असतो हे मला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं. त्यांच्या मते सही नाही म्हणजे ते काम झालेलंच नाही, कुणीतरी नुसतं बोललंय.

यामागे त्यांची नोकरी आहे. बाबा लिफ्ट इन्स्पेक्टर. पस्तीस वर्षं शहरातल्या लिफ्टांचे दोर, ब्रेक, दारं तपासायची आणि अहवाल लिहायचा. आवाज आला, नोंद. आवाज यायला हवा होता आणि आला नाही, तरी नोंद. आणि खाली सही. एकदा सही झाली की त्या लिफ्टमध्ये उद्या कुणाचं पोर चढणार, कुणाची म्हातारी चढणार, ते सगळे त्या सहीवर उभे, असं ते म्हणतात. आम्ही नातेवाइकांकडे गेलो की आधी मी आणि आई लिफ्टने वर जायचो. बाबा खाली दाराला कान लावून उभे.

आता आमच्या स्वतःच्या बिल्डिंगची लिफ्ट. ती मार्चपासून बंद आहे. कुणी बंद केली? बाबांनी. दोराच्या तारा तुटायला लागल्या होत्या. आपण राहतो ती बिल्डिंग, उगाच कुणी पक्षपात म्हणायला नको, म्हणून त्यांनी ऑफिसातला दुसरा इन्स्पेक्टर बोलावून त्याचीही सही घेतली आणि दारावर "वापरास अयोग्य" चिकटवलं. दुरुस्तीचा ठराव आजपर्यंत पास झालेला नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर. सेक्रेटरी काका पाचव्यावर. ते वर जाताना रोज आमच्या दारापाशी थांबतात, दम खातात आणि बेल न वाजवता मोठ्यांदा बोलतात. "काही लोकांना पगार मिळतो, आणि फळं आम्ही भोगतो." बाबा आतून म्हणतात, "कठडा धरून चढा." असं आठ महिने चाललंय.

सेक्रेटरी काकांना विम्याचं कळल्यावर सल्ला द्यायला ते मात्र बेल वाजवून आत आले. "मी सांगतो, वीस वर्षं विमा भरतोय, एकदाही आजारी पडलो नाही. फुकट गेले सगळे." म्हणजे दवाखान्यात भरती झालो नाही याचं त्या माणसाला मनापासून दुःख. जाताना म्हणाले, "तुम्ही लिफ्ट चालू करून द्या, बिल्डिंगमधले निम्मे आजार आपोआप पळतील."

त्या आठवड्यात बाबा रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर काहीतरी लिहीत बसायचे. फूटपट्टी, दोन रंगांची पेनं, खाली कार्बन. मला वाटलं ऑफिसची सूत्रं सोपवायचा अहवाल असेल. एका संध्याकाळी चिंतानको आलेला दिसला, तोही मला वाटलं सवयीने आलाय. तो पान उलटत म्हणत होता, "साहेब, एवढं कोण लिहितं? तीन ओळी पुरे. चिंता नको."

बाबा म्हणाले, "तुम्ही कधी लिफ्टमधून कोसळलात?"

"नाही बुवा."

"कारण कुणीतरी तीन ओळींपेक्षा जास्त लिहिलं होतं."

मी एका कानात हेडफोन लावून शेजारच्याच खोलीत होते. मला ऐकू आलं, मी हसलेसुद्धा, आणि डोक्यात काहीही पेटलं नाही. बघ, मी स्वतःबद्दलही खरं सांगतेय.

वीस तारखेला मी ऑफिसात एका कुटुंबाचा सहावा फॉर्म भरत होते तेव्हा फोन आला. विमा कंपनीतल्या बाई. आवाज अगदी थंड पाण्यासारखा.

"मॅडम, या पत्त्यावर एकाच नावाची, एकाच जन्मतारखेची दोन जोडपी राहतात का?"

"नाही, एकच. माझे आईबाबा."

"मग आमच्याकडे दोन अर्ज आहेत. एक ऑनलाइन. त्यातल्या जोडप्याला आयुष्यात सर्दीसुद्धा झालेली नाही. दुसरा रजिस्टर पोस्टाने, पुरवण्या धरून चौदा पानं." इथे त्या थांबल्या. "दुसरं जोडपं चालू शकतं का?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"वाचून दाखवते. 'अर्जदार, उजवा गुडघा. चढताना आवाज, उतरताना नाही. भार घेतो. पाठ. सकाळी सुरू व्हायला वेळ लागतो, एकदा सुरू झाली की संध्याकाळपर्यंत चालते. डावा कान. पत्नीचं बोलणं अधूनमधून पोचत नाही. दोष कानाचा की लक्षाचा, निश्चित नाही. इयत्ता चौथीत झाडावरून पडलो. साक्षीदार, धाकटा भाऊ.' मॅडम, धाकट्या भावाचा फोन नंबरही दिलाय."

मला खुर्चीतल्या खुर्चीत विरघळून जावंसं वाटलं. समोरचं अख्खं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. चाळीस फॉर्मवाली मी. मी बाईंना सांगितलं की तो दुसरा कागद चुकून आलाय, माझ्या वडिलांना लिहायची सवय आहे.

त्या म्हणाल्या, "आम्हाला सवय-बिवय नोंदवता येत नाही. एकच अर्ज राहू शकतो. तीस तारखेला पाचपर्यंत तुम्ही काही केलं नाहीत तर सिस्टिम पहिला, म्हणजे ऑनलाइन अर्ज धरेल आणि दुसरा बंद होईल. दुसरा हवा असेल तर पहिला तुम्हाला रद्द करावा लागेल. तोही मुदतीत पोचलाय, तेव्हा जुनी वर्षं धरली जातील. पण तो मंजूर होईलच असं नाही. चौदा पानं आहेत."

मी मनातल्या मनात हात जोडले. म्हणजे काहीच करायचं नव्हतं. गप्प बसायचं होतं, आणि त्यात मी तशी बरी आहे.

पण घरी जाताना मी दुसऱ्या अर्जाची प्रत मेलवर मागवली. नुसती मजा म्हणून, खरंच. म्हटलं मैत्रिणींना वाचून दाखवू, तुलाच पाठवणार होते. आणि जिना चढता चढता वाचायला लागले. बाबांची तीन पानं वाचून हसून हसून माझं पोट दुखलं. मग पुढे "पत्नी" असं मथळ्यात लिहिलेलं. अकरा पानं.

कळलं ना? स्वतःची तीन, आईची अकरा.

मी तुला एक नोंद सांगते, मला ती पाठ झालीय. "दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबते. एप्रिलपासून. तेव्हा अर्धा मिनिट, आता दीड. पर्समध्ये किल्ली शोधत असल्याचं दाखवते. किल्ली हातातच असते. विचारल्यास उत्तर: काही नाही." आणि खाली तारखा. अशा तेवीस तारखा. शेवटी लाल पेनाने, "लिफ्ट चालू असताना हा दोष दिसला नव्हता. लिफ्ट मी बंद केली."

मी तेव्हा त्याच वळणावर उभी होते बघ. आणि मला आठवलं, मी आईबरोबर किती वेळा जिना चढलेय. ती किल्ली शोधत थांबायची आणि मी वरून ओरडायचे, "आई, तुझी ती पर्स एकदा आवर ना."

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, चल, डॉक्टर काकूंकडे जाऊन येऊ. काकूंचा दवाखाना मागच्याच गल्लीत. आई म्हणाली, "माझ्यासाठी कशाला खाली? एकदा उतरलं की परत चढावं लागतं." आणि धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

शेवटी डॉक्टर काकूच वर आल्या. काकू तब्येतीने आपल्या जरा भरीव. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांच्या तोंडातून शब्द निघेना. तर आईने काय करावं? त्यांनाच पलंगावर बसवलं, पंखा लावला, पाणी दिलं, पायाखाली उशी दिली. बाबांनी घड्याळ काढून काकूंची नाडी धरली आणि मला म्हणाले, "लिहून घे." दहा मिनिटं पेशंट कोण हेच ठरत नव्हतं. तेवढ्यात सेक्रेटरी काका दारात थांबले, आत डोकावून म्हणाले, "बघा, आता डॉक्टरही पडल्या."

मग काकू सावरल्या, आईला तपासलं. छातीवर नळी बराच वेळ ठेवली. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीसारखी ती हृदयाची तपासणी करून घ्यायला लावली. निघालं ते असं, की एक झडप जरा ढिली आहे. घाबरायचं नाही, रोज गोळ्या, सहा महिन्यांनी तपासणी, पुढेमागे कदाचित ऑपरेशन. कदाचित.

बाबांनी एकच प्रश्न विचारला. "भार किती घेईल?"

काकू म्हणाल्या, "चार मजले घेईल. सावकाश घेतले तर."

आता बघ माझी गंमत. माझा नऊ मिनिटांचा विमा तयार, नंबरसकट. त्यात आई ठणठणीत. आणि बाबांची चौदा पानं, त्यात झडपेचा शब्दही नाही, पण जिन्यातलं दीड मिनिट आहे. ती अकरा पानं वाचून कंपनी आईला नको म्हणू शकते. अर्ज दोघांचा मिळून, म्हणजे कदाचित दोघांनाही. मी चिंतानकोला फोन केला, झडपेपर्यंत सगळं सांगितलं.

तो म्हणाला, "अहो, मग प्रश्नच मिटला. ऑनलाइनवालं राहू द्या, साहेबांचा कागद आला होता असं म्हणूच नका. दोन-तीन वर्षं काही झालं नाही तर कोण बघतंय? चिंता नको."

"आणि झालं तर?"

तेव्हा पहिल्यांदाच त्याचं ते वाक्य आलं नाही. "तर मग क्लेमच्या वेळी बघू," म्हणाला.

मी बाबांना विचारलं, काय करू. ते बुटांना पॉलिश करत होते. मान वर न करता म्हणाले, "ऑनलाइन तू भरलंस. सही तुझी."

"त्यात सही नसते, बाबा."

"असते. दिसत नाही एवढंच."

याला काय उत्तर देशील? मी तीन दिवस त्यांच्याशी तुटक बोलले. माझं म्हणणं, मी मदत करायला गेले होते ना?

तर तीस तारीख. बाबांचा निरोप समारंभ, त्यांच्या ऑफिसच्या हॉलमध्ये, चार वाजता. पुढे टेबल, टेबलावर फुलांचा गुच्छ आणि भेट द्यायचं भिंतीवरचं घड्याळ. आयुष्यभर वेळेवर गेलेल्या माणसाला शेवटच्या दिवशी घड्याळ का देतात, मला कळत नाही. मी आणि आई शेवटच्या रांगेत. माझ्या मांडीवर फोन, स्क्रीनवर दोन चौकोन. "कायम ठेवा" आणि "रद्द करा".

पाचला वीस कमी असताना आई माझ्या कानात म्हणाली, "ठेव तोच. हात लावू नकोस."

"आई, पण त्यात खोटं आहे."

"असू दे. उद्यापासून ह्यांना ऑफिस नाही, काही नाही. माझ्या त्या मेल्या झडपेपायी ह्यांचाही विमा जायला नको. मी काही मरत नाही एवढ्यात."

तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, असा, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची ना, तसा. आणि मी खरंच फोन उलटा करून ठेवला. काहीच केलं नाही तर आपोआप झालं असतं सगळं. नंतर म्हणता आलं असतं, सिस्टिमने केलं.

तिकडे बाबा भाषणाला उभे राहिले. त्यांना भाषण येत नाही. कागद काढला, चष्मा काढला, परत घातला. म्हणाले, "पस्तीस वर्षांत माझ्या सहीची एकही लिफ्ट पडली नाही. आभारी आहे." आणि खाली बसायला लागले. संपलं भाषण. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मधल्या रांगेतून त्यांचा कुणी जुना सोबती ओरडला, "आणि तुमच्या सहीने बंद पडलेल्या किती? स्वतःच्या बिल्डिंगमधले लोक दमवलेत तुम्ही."

सगळा हॉल हसला. बाबा अर्धवट बसलेले, ते परत उभे राहिले. हसले नाहीत. शेवटच्या रांगेकडे, आईकडे बघितलं आणि म्हणाले, "हो. दमलेले आहेत. पण दमलेले घरी पोचतात."

बस. मग बसले.

माझ्या मनगटावरचा आईचा हात ढिला झाला. तिने पर्समधून रुमाल काढला आणि डोळ्यांना लावायच्या ऐवजी चष्मा पुसत बसली. मी फोन सरळ केला. पाचला बारा कमी. "रद्द करा." मग ते विचारतं, नक्की का? मग पुन्हा विचारतं, कारण लिहा. मी लिहिलं, "माहिती न बघता भरली होती." इतका लाजिरवाणा फॉर्म मी आयुष्यात भरला नाही. आणि हो, त्यालाही नऊ मिनिटं लागली. हसू नकोस.

मग अकरा दिवस आमच्याकडे विमा नव्हता. ते अकरा दिवस काय सांगू. बाबा शिंकले की मी दचकायचे. आई झाडूला वाकली की मी तिच्या हातातून झाडू घ्यायचे, ती परत ओढून घ्यायची. तपासणीचे रिपोर्ट मी स्वतः कंपनीत नेऊन दिले, पोच घेतली, पोचेवर शिक्का घेतला. बाबांनी तो शिक्का उजेडात धरून बघितला आणि पहिल्यांदाच म्हणाले, "छान."

बाराव्या दिवशी त्या थंड पाण्याच्या बाईंचा फोन. दोघांना मंजूर. आईच्या हृदयासाठी जुनी वर्षं धरूनही दोन वर्षं थांबायचं, तोवर त्याचा खर्च आपला, बाकी सगळं लागू. हप्ता वाढला. पण दोघं आत आहेत, एकाच कागदावर, खऱ्याखुऱ्या गुडघ्यापाठीसकट. बाई शेवटी म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? ती चौदा पानं आमच्या डॉक्टरांनी ऑफिसात फिरवलीत. त्या किल्लीचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, आई बाबांशी बोलत नाहीये.

खरंच नव्हती बोलत. आजार लिहिला म्हणून नाही. ती म्हणायची, "मला वाटत होतं मी लपवतेय. आणि हे मागून घड्याळ लावून मोजत बसले होते. तेवीस वेळा. एकदा तरी म्हणावं, बस जरा. नाही. नोंद." बाबा यावर पेपरात शिरायचे. बोलायला गेले असते तर तेही लिहूनच दिलं असतं.

आणि आता परवाची गोष्ट, याच्यासाठी एवढं सांगितलं. मी ऑफिसातून आले, जिना चढत होते, दुसऱ्या मजल्यावर पोचले तर वरच्या वळणावरून आवाज आला. मी मान काढून बघितलं. आई आणि बाबा. बाबा थांबलेले. एक हात खिशात घालून काहीतरी शोधतायत. आधी हा खिसा, मग तो खिसा, मग शर्टाचा. दुसऱ्या हातात किल्ली, मला खालून स्पष्ट दिसत होती. म्हणजे आईलाही दिसत असणारच.

आई कठडा धरून उभी. म्हणाली, "सापडली का?"

किती दिवसांनी बोलली माहितेय?

"शोधतोय," बाबा म्हणाले.

"शोधा. घाई नाही मला."

आणि मी तिथेच उभी, खांद्याला पर्स. वर गेले तर सगळं विस्कटणार, खाली गेले तर पावलं वाजणार. तेवढ्यात मागून सेक्रेटरी काका आले, धापा टाकत. आई दमते ते कळल्यापासून जरा वरमलेत ते, लिफ्टच्या दुरुस्तीचा ठराव पुढच्या बैठकीत घेतायत म्हणे. तर ते म्हणाले, "काय गं, मध्येच का उभी? चल की वर."

मी पटकन पर्स उघडली आणि आत हात घातला. म्हटलं, "थांबा ना काका, किल्ली सापडत नाहीये."

आता सांग, तू असतीस तर काय केलं असतंस?